गेरूचा एक हात

चेहऱ्याला काही लावावे की लावू नये, या प्रश्नावर आमच्या घराण्यात कधीही मतभेद झाला नव्हता. कारण तो प्रश्नच कोणी कधी उपस्थित केला नव्हता. रत्नागिरीकडच्या आमच्या घरी चेहऱ्याच्या वाट्याला दिवाळीत उटणे, थंडीत खोबरेल आणि एरवी विहिरीचे पाणी, एवढाच शिधा असे. लग्नकार्याला जाताना आजी आपली पावडरची डबी काढी. परंतु लावून झाल्यावर ती पदराने असे काही पुसून टाकी की, मुळात लावण्यामागचा हेतू काय, हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही. अशा घरातून पदवी पदरात पाडून, परीक्षा देऊन, केंद्र सरकारच्या सेवेत लिपिक म्हणून बाहेर पडलेल्या आमच्या कपाटात आज रंगीत क्रीमच्या सात ट्यूबा आहेत. आजी असती तर तिने प्रथम आमच्या पगाराची आणि मग आमच्या बुद्धीची चौकशी केली असती. ही चौकशी दुसऱ्या कोणी करण्याआधी आपणच आपला जबाब नोंदवून ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे खाते अप्रत्यक्ष करांचे. पहिली काही वर्षे चेन्नईस काढून २०२३ साली आम्ही विनंतीबदलीवर दिल्लीस आलो. परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांना नव्या कचेरीतला पहिला आठवडा कसा असतो, हे सांगावयास नको. माणसे आपुलकीने चौकशी करतात: गाव कोणते, क्वार्टर मिळाले का, यजमान काय करतात, तुमच्याकडे खरोखरच पोळीवर गूळ घालून खातात का. आमच्या बाबतीत या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडे. ‘मॅडम, चेहरे पे ये क्या हो गया?’

आमच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग होते. त्याला आपल्याकडे वांग म्हणतात, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. सुश्रुतांनी ‘व्यंग’ नावाचा विकार क्षुद्ररोगांत गणला असून क्रोध आणि श्रम ही त्याची कारणे सांगितली आहेत. आपला वांग हे त्या व्यंगाचेच घरगुती रूप दिसते. प्रश्न एवढाच असता, तर ‘वांग आहे’ म्हणून भागले असते. परंतु ज्या बायकांना वांग माहीत असतो, त्यांना तो बहुधा केव्हा येतो हेही माहीत असते, आणि मग त्या पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारतात. त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी पुढे लिहू. तूर्त एवढेच सांगतो की, तो टाळावयाचा तर पहिलाच प्रश्न उद्भवू नये, अशी तजवीज करणे भाग होते. म्हणून आम्ही फाउंडेशन विकत आणले.

फाउंडेशन म्हणजे पाया. पाया जमिनीखाली असतो आणि त्यावर घर उभे राहते, अशी आमची समजूत होती. येथे सारेच उलटे. पाया वर बसतो आणि घर त्याखाली दडून राहते. या रंगकामाचा मोठा प्रसार झाला तो सिनेमामुळे. मॅक्स फॅक्टर यांनी रंगीत चित्रपटांतील चेहऱ्यांसाठी ‘पॅन-केक’ नावाचा लेप काढला आणि १९३८ साली तो बाजारात आला. प्रखर दिव्यांखाली, कॅमेऱ्यापुढे, एका दृश्यापुरता टिकावा म्हणून जन्मलेला हा प्रकार पुढे घरोघरी गेला. दृश्य संपले की नट्या तो पुसून टाकीत असतील. आम्हांला तो सकाळच्या मेट्रोपासून संध्याकाळच्या डाकेपर्यंत टिकवावयाचा होता.

प्रथम छटेचा घोळ झाला. दुकानात ओळीने बाटल्या मांडल्या होत्या आणि त्यांवर आयव्हरी, बेज, सँड, हनी, कॅरमेल अशी नावे होती. नाचणी, गूळ, जांभा, चिंच असले काही नाव दिसेना. गोऱ्या छटा भरपूर; सावळ्या जेमतेम दोन, त्यांतली एक संपलेली. ज्या बाजाराने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आणले आणि २०२० साली त्याचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ करीपर्यंत पंचेचाळीस वर्षे आपल्या बायकांना रंग बदलावयास शिकविले, त्या बाजाराने आमचा रंग बाटलीत भरून ठेवावा, ही अपेक्षाच मुळी चुकीची. २०१७ साली रिहाना या गायिकेच्या ‘फेंटी ब्यूटी’ने एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या, तेव्हा कोठे इतरांना आपापली फळी तपासून पाहावी लागली. परंतु आमच्या खिशाला परवडणाऱ्या फळीपर्यंत ती लाट तितक्या जोराने आली नव्हती. दुकानातल्या मुलीने आमच्या मनगटावर एक थेंब लावला, ट्यूबलाइटखाली धरला आणि ‘आप पे एक शेड लाइट अच्छा लगेगा’ असा निकाल दिला. मनगटाचा रंग निराळा, चेहऱ्याचा निराळा आणि ट्यूबलाइटचा तर दोहोंपेक्षा निराळा, हे ज्ञान पैसे दिल्यानंतरचे.

दिल्लीच्या मे महिन्यात त्या पायाला ओघळ लागले आणि जानेवारीत भेगा पडल्या. हसलो की ओठांच्या कडेला रेघा उमटत, म्हणून आम्ही हसणे कमी केले. कचेरीत त्याचा अर्थ आम्ही कामसू आहोत असा घेतला गेला. त्यातच ओळखपत्रासाठी छायाचित्र काढण्याची वेळ आली. लेपातील पांढऱ्या खनिजावर फ्लॅशचा उजेड पडला की तो तसाच परत फिरतो, हे छायाचित्रकारांना ठाऊक असते; आम्हांला नव्हते. ओळखपत्रावर जो चेहरा छापून आला, तो पिठाच्या गिरणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोणा गृहस्थाचा असावा. फाटकावरचा जवान तो पाही, मग आमच्याकडे पाही आणि केवळ सौजन्याने आत सोडी.

तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फाउंडेशनने आपले काम चोख केले. आठ महिने आम्हांला कोणी पहिला प्रश्न विचारला नाही. रोज संध्याकाळी तोंड धुतले की बेसिनमध्ये गढूळ पाणी वाहून जाई आणि आरशात वांग जागच्या जागी दिसे; किंबहुना महिन्यागणिक अधिक गडद.

ते पाहून एका सहकारी बाईंनी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एका मलमाचे नाव कागदावर लिहून दिले. पंधरा दिवसांत डाग पुसतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या यजमानांना कागद आणि त्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय आहे. ते बँकेत आहेत. त्यांनी मलमातील घटक वाचून पाहिले, तर त्यात स्टिरॉइड निघाले. असली मलमे महिनोन्‌महिने चोळल्याने कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात आणि सोडली की डाग दुपटीने परततो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. आपल्याच सरकारचा हुकूम आपणच मोडावा, हे आम्हांला बरे वाटेना. आम्ही आरोग्ययोजनेची चिठ्ठी घेतली आणि त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी प्रथम हाती कापूस दिला आणि चेहरा पुसून येण्यास सांगितले. ‘मला चेहरा तपासायचा आहे, रंगकाम नाही.’ मग भिंग धरून पाहिले आणि दोन-चार प्रश्न विचारले. दुसरा प्रश्नही त्यांत होता. डॉक्टरांना उत्तर द्यावेच लागते, ते आम्ही दिले. त्यांनी ते लिहून घेतले, क्षणभर लेखणी थांबविली आणि मग एखाद्या शिक्षिकेप्रमाणे समजावून सांगावयास सुरुवात केली. गरोदरपणी शरीरातील संप्रेरके वाढतात आणि कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी चेकाळतात. बहुतेकींचा वांग पुढे काही महिन्यांत फिका होतो. काहींचा राहतो, कारण उजेड त्याला जागा ठेवतो. कातडी भाजणारे किरण खिडकीची काच बऱ्याच अंशी अडविते, परंतु अतिनील किरणांचा दुसरा प्रकार काचेतून आरपार येतो. आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या लोकांत तर डोळ्यांना दिसणारा साधा उजेड, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, हाही वांग गडद करतो. उन्हापासून रक्षण करणारी नेहमीची रंगहीन क्रीमे हा उजेड अडवू शकत नाहीत.

‘का नाही?’ आम्ही विचारले.

‘कारण ती दिसत नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘जे क्रीम दिसणारा उजेड अडवील, ते स्वतः दिसल्याशिवाय राहणार नाही. त्यात रंग हवा. लोहाचे ऑक्साइड हवे.’ आणि त्यांनी चिठ्ठीवर फाउंडेशनऐवजी रंगीत क्रीम वापरावे असे लिहिले. उठताना त्यांनी आमची कचेरीतील जागा कोठे आहे हे विचारले. पश्चिमेच्या खिडकीखाली, असे आम्ही सांगितले. ‘जागा बदला,’ त्या म्हणाल्या. सरकारी कचेरीत गाव बदलणे एक वेळ सोपे, टेबल बदलणे कठीण, हे त्या बाईंना कोठून ठाऊक असणार?

येथून आमच्या प्रयोगांना आरंभ झाला. लिपिकाचा प्रयोग म्हणजे प्रथम नोंदवही. आम्ही एका जुन्या दैनंदिनीत रकाने आखले: तारीख, हवा, परिमाण, लावल्याची वेळ, उतरल्याची वेळ, शेरा.

पहिली ट्यूब पुण्याच्या नणंदेने परदेशातून आणलेली. कातडी मऊ ठेवणाऱ्या साध्या क्रीममध्ये किंचित रंग मिसळलेला, इतका पातळ की गालावर पसरले तरी तीळ तसेच दिसत. त्याच्या एकंदर छटा तीन. पातळ रंगाला छटा थोड्या असल्या तरी चालते, कारण खालचा आपला रंग वर येऊन दोघांची तडजोड होते, हे त्यामागचे शास्त्र. परंतु त्या तिन्ही छटा गुलाबीकडे झुकलेल्या. आपल्याकडील कातडीच्या तळाशी पिवळी झाक असते. तिच्यावर गुलाबी बसला की राखेसारखा दिसतो. शेरा: ‘ताप येऊन गेल्यासारखे.’

दुसरे क्रीम ‘बीबी’. हे नाव ऐकून यजमान दुकानाच्या पायरीवरच थबकले. हिंदी मुलखात ‘बीबी क्रीम’ मागणे म्हणजे बायकोसाठी काही मागणे, अशी त्यांची समजूत झाली. आणि ‘मग मियाँ क्रीमही असेल,’ असे ते म्हणाले. वस्तुतः बीबी हे ‘ब्लेमिश बाम’चे लघुरूप. १९६०च्या दशकात जर्मनीतील त्वचातज्ज्ञ डॉ. क्रिस्टीन श्रामेक यांनी, कातडीचा वरचा थर काढण्याचे उपचार केलेल्या रुग्णांसाठी, जखम निववावी आणि लालीही झाकावी म्हणून असे मलम बनविले. पुढे ते दक्षिण कोरियात लोकप्रिय झाले आणि २०१०नंतर तेथून जगभर पसरले. या वस्तूचा जन्म शृंगाराच्या मेजावर झाला नसून दवाखान्यात झाला आहे, हे वाचून आम्हांला मोठाच धीर आला. परंतु आम्ही आणलेली छटा कोरियाच्याच माणसांची आठवण काढीत होती. शेरा: ‘गळा एकाचा, तोंड दुसऱ्याचे.’

तिसरे ‘सीसी’, म्हणजे रंगदुरुस्ती करणारे. लालीवर उतारा म्हणून त्यात हिरवट झाक होती. आमचा डाग तपकिरी. त्याला उतारा नारिंगीसर रंगाचा लागतो. शेरा: ‘औषध बरोबर, रोगी चुकीचा.’ चौथे रंगीत सनस्क्रीन. ‘सर्व वर्णांस चालणारी एकच छटा’ असा त्यावर दावा. सर्व वर्णांस म्हणजे कोणत्या, याचा खुलासा आमच्या गालावर झाला. शेरा: ‘खडू.’ पाचव्याचा रंग दुकानात ठीक होता, पण अर्ध्या तासाने काळवंडला. हवा आणि कातडीचे तेल लागून असे होते. सहाव्याचा वास आम्हांला आणि मेट्रोतील शेजारणीला सहन झाला नाही.

सहा वेळा नापास झाल्यावर माणूस निदान परीक्षेचे नियम तरी शिकतो. ते येथे देतो. आमच्या भगिनींपैकी कोणाचे पैसे वाचले तर वाचोत. छटा मनगटावर पाहू नये. जबड्याच्या कडेला, जेथे गाल संपून मान सुरू होते तेथे लावावी आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात पाहावी. अर्धा तास हिंडून पुन्हा पाहावी. जी छटा लावल्यावर कोठे लावली हे सापडत नाही, ती आपली. सनस्क्रीनच्या ट्यूबवरील आकड्याला भुलू नये: १५चे क्रीम भाजणारे सुमारे ९३ टक्के किरण अडविते, ३०चे ९७ आणि ५०चे ९८, आकडा दुप्पट झाला म्हणून रक्षण दुप्पट होत नाही. मात्र हे हिशेब पुरेसे क्रीम लावले तरच खरे. पुरेसे म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. आपण बहुतेक जण काटकसरीने वाटाण्याएवढे लावतो आणि मग कंपनीला दोष देतो. उन्हात हिंडावयाचे असेल तर दोन तासांनी पुन्हा लावावे. पातळ रंगाचा हाच मोठा फायदा की, त्यावर दुसरा हात देता येतो. फाउंडेशनवर दुसरा हात दिला की भिंतीचे पोपडे निघतात.

सातवी ट्यूब जमली. रंग आमच्या उन्हातल्या हातासारखा. लावली की चेहरा एकसारखा दिसे, पण आमचाच दिसे. तीळ दिसत, हसल्यावरच्या रेघा आमच्याच दिसत. आणि, येथेच ग्यानबाची मेख होती, वांगही थोडासा दिसे. झाकल्यासारखा, परंतु लपलेला नाही.

त्या ट्यूबला प्रसाधन म्हणावे की औषध, हा प्रश्न आम्हांला पडला, तो आमच्या खात्याचा गुण. करदरपत्रकाच्या ३३०४ या शीर्षाखाली शृंगाराची सामग्री आणि कातडीची निगा राखणारी क्रीमे, सनस्क्रीनसह, एकाच ओळीत बसविली आहेत. फक्त औषधे तेवढी वगळली आहेत. तेव्हा कागदोपत्री आमची ट्यूब लाली-पावडरच्या पंगतीला बसते. पण हे वर्गीकरण दिसते तितके सोपे नाही, हे आमच्या खात्याइतके कोणाला ठाऊक असणार? ‘विको टर्मरिक’ हे हळदीचे क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर खाते आणि उत्पादक यांच्यात वर्षानुवर्षे दावे चालले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि निकाल औषधाच्या बाजूने लागला. आमच्या ट्यूबच्या वतीने भांडावयास कोणी वकील नव्हता. तिचे बिल वैद्यकीय परतफेडीसाठी सादर करण्याचे धैर्यही आम्हांला झाले नाही.

परंतु खरा प्रश्न ट्यूबच्या वर्गीकरणाचा नव्हता. आम्ही हे लावतो ते डाग बरा व्हावा म्हणून, की कोणाला दिसू नये म्हणून? फाउंडेशनच्या वेळी उत्तर स्पष्ट होते. आता दोन्ही गोष्टी एकत्र मिळेनात. जे क्रीम रक्षण करी, ते पुरते झाकीत नसे. सातवी ट्यूब महिनाभर आम्ही फक्त रविवारी, घरात, वापरली. कचेरीत जाताना हात पुन्हा फाउंडेशनच्या बाटलीकडेच जाई.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. तो प्रश्न असा: ‘बच्चा कितने साल का है?’

चेन्नईस, २०२२च्या पावसाळ्यात, आम्हांला सहावा महिना असताना वांग आला. शेजारच्या तमिळ बाईंनी तो शुभ मानला. सातव्यात मुलगी झाली. ती अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. बाराव्या दिवशी बारसे करतात. तिचे नाव ठेवावयाचे राहिले. आम्ही या लेखात एका माणसासाठी ‘आम्ही’ लिहीत आलो आहोत, ती लेखनाची रीत म्हणून. त्या अकरा दिवसांपुरते आम्ही खरोखरच दोघे होतो, पेटीच्या दोन बाजूंना. त्यानंतर घरातील पाळण्याची दोरी, लोकरीची टोपी, सारे कोणी ना कोणी उचलून नेले. तिच्या येण्याची म्हणून जी एक खूण राहिली, ती आमच्या गालावर होती. आणि आम्ही ती रोज सकाळी साडेआठ वाजता झाकीत होतो.

२०२४च्या दिवाळीला आई दिल्लीस आली. क्वार्टरच्या गॅलरीत आमची तुळस एका कुंडीत असते. आईने पहिल्याच दिवशी पंसाऱ्याकडून गेरू आणविला, पाण्यात कालवला आणि चिंधीने कुंडीला एक हात दिला. गावी वृंदावनाला दर दिवाळीत ती देते, तसाच. हात धुवावयास न्हाणीघरात आली, तेव्हा तिला फळीवरची सातवी ट्यूब दिसली. तिने चष्मा लावून मागची अक्षरे लावण्याचा प्रयत्न केला आणि यात काय असते म्हणून विचारले. आम्ही सांगितले, लोहाचे ऑक्साइड. तांबडे, पिवळे आणि काळे, तिन्ही मिसळून माणसाच्या कातडीचा रंग होतो.

‘म्हणजे?’

‘लोखंडाला गंज चढतो ना, त्या जातीचे. आपल्याकडची माती, जांभा, त्यामुळेच तांबडा.’

आईने आपल्या हातांकडे पाहिले. नखांत अजून रंग होता. ‘म्हणजे गेरूच की गो!’

ती चुकली नव्हती. गेरूचा तांबडा रंग आणि आमच्या ट्यूबमधला तांबडा रंग मुळात एकच. फरक इतकाच की, मातीत शिसे किंवा सोमल यांचा अंश असू शकतो, म्हणून प्रसाधनासाठी तो कारखान्यात शुद्ध स्वरूपात बनवितात. गेरू उचलून कोणी तोंडाला फासू नये. चाळीस छटांच्या बाजारात जो रंग आम्ही शोधीत हिंडलो, तो आमच्या अंगणातला निघाला.

आईने आमचा चेहरा खिडकीकडे वळविला. दिवाळीचा दिवस, त्यामुळे सातवी ट्यूब लावलेली होती. ‘हे लावूनही दिसतो गो थोडा.’

‘होय.’

‘मलाही आला होता, तुझ्या वेळी,’ ती म्हणाली. ‘तू झालीस आणि गेला.’ मग ती बराच वेळ काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. गॅलरीत कुंडी वाळत होती. शेवटी तिने गेरूचे भांडे उचलले आणि जाता जाता म्हणाली, ‘दिसला तर दिसू दे. ऊन तेवढे लागू देऊ नको.’

सुट्टी संपल्यावर आम्ही सातवी ट्यूब लावून कचेरीत गेलो. हजेरीसाठी आमच्याकडे चेहरा ओळखणारे यंत्र आहे. फाउंडेशनच्या चेहऱ्याला त्याने कधी हरकत घेतली नव्हती, याही चेहऱ्याला घेतली नाही. यंत्रे प्रश्न विचारीत नाहीत. माणसे विचारतात. शेजारच्या टेबलावर एक मलयाळी बाई बसतात, आमच्याहून वयाने मोठ्या. सगळा सेक्शन त्यांना चेची म्हणतो. दुपारी डबा उघडताना त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला. वांग आहे, आम्ही म्हणालो. मग दुसरा आला.

‘मुलगी होती,’ आम्ही सांगितले. ‘अकरा दिवस राहिली.’

दोन वर्षे जे वाक्य टाळण्यासाठी आम्ही इतका खर्च केला, ते इतके लहान आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. चेचींनी हळहळ व्यक्त केली नाही की कोणाचा दाखला दिला नाही. आपल्या डब्यातील केळ्याचे काप आमच्या झाकणात वाढले आणि तिचे नाव काय होते, म्हणून विचारले. हा तिसरा प्रश्न आम्हांला आजवर कोणी विचारला नव्हता. नाव ठेवलेले नाही, असे आम्ही म्हणालो. घरी आम्ही दोघे एका नावाने तिची आठवण काढतो. ते चेचींना पुढे कधी तरी सांगितले, येथे लिहीत नाही. त्या दिवशी मात्र बोलता बोलता डॉक्टरीणबाईंचे खिडकीबद्दलचे बोलणे आमच्या तोंडून निघून गेले.

सोमवारी कचेरीत पोहोचलो, तर आमचे टेबल आतल्या भिंतीशी होते आणि पश्चिमेच्या खिडकीखाली चेचींचे. शिपायाला हाताशी धरून त्यांनी सकाळीच ही बदली उरकली होती. टिप्पणी नाही, मंजुरी नाही. आम्ही ऊन त्यांनाही लागेल असे म्हणू लागलो, तर त्यांनी आमच्यापुढे दोन बोटे धरली. ‘वो तुम्हारा क्रीम, दो उंगली, रोज देना.’

दिले. परंतु आमची छटा त्यांना चालत नाही. जबड्याच्या कडेला लावून, खिडकीशी नेऊन पाहिले. तेव्हा बंद केलेली नोंदवही आम्ही पुन्हा काढली आहे. नव्या पानावर पहिला शेरा पडला आहे: ‘एक छटा गडद हवी.’